शिकागोतील एका जागेचे पाच आराखडे : प्रतिकृती करतानाच्या नोंदी

26 जून

आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखक (स्थापत्य) व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षासाठी यंदा एक वेगळा प्रकल्प घेतला आहे. एकाच जागेवर वेगवेगळ्या काळी आखलेल्या इमारतींच्या प्रतिकृती करायच्या आणि त्या एकाच पाटावर आलटून पालटून बसवता येतील अशी सोय ठेवायची. संस्था वर्धा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आहे. मुले-मुली आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी तीन मजल्यांहून उंच इमारत नागपूरला गेल्यावरच पाहिलेली आहे. मालकाने घराचा नकाशा तिसऱ्यांदा बदलायला सांगितला की आपली मेहनत पाण्यात गेली, असे त्यांना वाटते. नकाशा बदलणे हे आरेखकाचे रोजचेच काम आहे आणि प्रत्येक बदलामागे कोणाची तरी नेमकी गरज, अडचण किंवा हरकत असते. हे फळ्यावर सांगून पटत नाही, म्हणून ते हाताने करून पाहायचे ठरवले.

जागा निवडली ती शिकागो शहरातली. शिकागो नदी आणि मिशिगन सरोवर जिथे एकत्र येतात, तिथे लेक शोअर ड्राइव्ह या मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला 2.2 एकरांचा एक तुकडा आहे. पत्ता 400 नॉर्थ लेक शोअर ड्राइव्ह. आपल्याकडे दोन एकर म्हणजे अल्पभूधारकाचे कोरडवाहू वावर. तेवढ्या जमिनीसाठी 2005 ते 2020 या पंधरा वर्षांत उंच मनोऱ्यांचे पाच आराखडे लोकांपुढे मांडले गेले. त्यात मालक बदलले, वास्तुविशारद बदलले, मनोरा एकाचे दोन झाले, उंची चढली आणि उतरली. प्रत्येक टप्प्यावरची उंची आणि मंजुरीची हकिकत जाहीर झालेली असल्याने मोजमापाने काम करता येते, हे या निवडीचे मोठे कारण आहे.

1 जुलै

प्रमाण 1:500 ठरले. सुरुवातीला काही मुलांचा आग्रह 1:200 चा होता, परंतु त्या प्रमाणात 2,000 फुटांचा मनोरा तीन मीटरांच्या वर गेला असता आणि आमच्या कार्यशाळेच्या दारातून बाहेर निघाला नसता. 1:500 ला एक फूट म्हणजे 0.61 मिलिमीटर येतो. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी फूट ते मिलिमीटर असा तक्ता पहिल्याच दिवशी करून भिंतीवर लावावा, कारण शिकागोची सगळी मापे फुटांत मिळतात आणि दरवेळी गणित केले की आकडे चुकतात.

तक्त्यात ओळखीची एक वास्तू असावी, म्हणून दीक्षाभूमीचा स्तूप घेतला. त्याची उंची सुमारे 120 फूट आहे, म्हणजे आमच्या प्रमाणात 73 मिलिमीटर. मुलींनी साबणाच्या वडीतून त्याचा छोटा घुमट कोरला आणि तो पाटाच्या कडेला ठेवला. या एका वस्तूमुळे पुढचे किती तरी समजावणे वाचले, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्या स्तूपाखाली उभे राहून मान वर करून पाहिलेली मुले वर्गात आहेत आणि त्यांच्या डोळ्यांना ती उंची ठाऊक आहे.

9 जुलै

पहिले काम मनोऱ्याचे न घेता खड्ड्याचे घेतले. या जागेवर तिसऱ्या आराखड्यातल्या मनोऱ्याचे काम 2007 साली सुरू झाले, 2008 मध्ये थांबले आणि त्यानंतर अनेक वर्षे तिथे 76 फूट खोल आणि 110 फूट रुंद असा एक गोल खड्डाच तेवढा उरला. पुढच्या प्रत्येक मालकाला आणि वास्तुविशारदाला त्या खड्ड्यापासूनच सुरुवात करावी लागली. आमच्या प्रमाणात तो 67 मिलिमीटर रुंद आणि 46 मिलिमीटर खोल येतो.

पाट म्हणून 18 मिलिमीटरच्या प्लायचे दोन फूट चौरस असे तीन तुकडे एकावर एक चिकटवले, एकूण जाडी 54 मिलिमीटर. मग होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची कटोरीच्या आकाराची गोल करवत, लावून वरून भोक पाडायला घेतले, आणि इथे पहिला अडथळा आला. होल सॉची कटोरी जेमतेम दोन तुकड्यांत उतरते. त्याखाली भुसा बाहेर पडायला वाट राहत नाही, पाते तापते, प्लाय काळा पडतो आणि यंत्र झटका मारते. एक तुकडा तसा जळाला आणि ड्रिलचा चक ढिला झाला. त्यानंतर तिन्ही तुकडे सुटे करून, वरच्या दोघांना वेगवेगळे भोक पाडून, तिसऱ्यात फक्त 10 मिलिमीटर खोलगट भाग पटाशीने कोरून मग ते चिकटवले. होल सॉ 68 मिलिमीटरचा मिळाला आणि एक मिलिमीटरचा तो फरक आम्ही तसाच ठेवला. ज्यांना जाड पाटात भोक हवे असेल त्यांनी आधी भोके पाडावीत आणि मग चिकटवावे. आमचा प्लायचा एक तुकडा, साधारण 450 रुपयांचा, या कामी वाया गेला.

खड्ड्याच्या तळाचे काम अधिक शिकवणारे ठरले. शिकागोच्या खाली मऊ चिकणमाती आहे आणि एवढा भार तिच्यावर टेकवता येत नाही, म्हणून तिथे खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवावे लागतात. या मनोऱ्यासाठी असे 34 खांब सुमारे 120 फूट खाली नेले होते. आमच्याकडच्या काळ्या मातीचा पाया कसा दगा देतो, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे प्रत्येक मुलाने घरच्या भिंतींवर पाहिलेले आहे. त्यामुळे मातीखालच्या टणक थराशी पाया नेऊन भिडवण्याची कल्पना त्यांना लगेच उमगली. गावातल्या बुरडाकडून बांबूच्या 34 कामट्या तासून घेतल्या, त्या पाटातून आरपार खाली काढल्या आणि पाटाला पाये लावून तो उचलून धरला, म्हणजे बाजूने वाकून पाहिले की खांब दिसतात. कामट्यांची जाडी प्रमाणात नाही, लांबी मात्र पृष्ठभागापासून 73 मिलिमीटर आहे. एका मुलाने साबणाचा स्तूप आणून कामटीशेजारी धरला, दोन्ही सारखेच भरले, आणि तो म्हणाला, "सर, म्हणजे अख्खी दीक्षाभूमी उलटी करून जमिनीत घातली तं खडक लागते." मी हे वाक्य माहितीफलकावर त्याच्याच शब्दांत लिहायला सांगितले आहे.

24 जुलै

पहिला आराखडा जुलै 2005 चा. विकासक क्रिस्टोफर कार्ली यांची फोर्डहॅम कंपनी, वास्तुविशारद स्पेनचे सांतियागो कालात्रावा, आणि नाव फोर्डहॅम स्पायर. 115 मजले, खालच्या भागात हॉटेल, वर सदनिका, छताची उंची 1,458 फूट आणि त्यावर मास्ट, म्हणजे उंच डोलकाठी, धरून एकूण 2,000 फूट. प्रत्येक मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत दोन अंशांहून थोडा अधिक वळलेला, त्यामुळे सगळी इमारत पिळल्यासारखी दिसते. त्या वेळी शिकागोतील सर्वांत उंच इमारत सिअर्स टॉवर होती, तिलाच आता विलिस टॉवर म्हणतात. तिचे छत सुमारे 1,450 फुटांवर आहे. आम्ही तिची आठवण म्हणून 884 मिलिमीटरची एक चौकोनी पट्टी पाटाच्या मागे उभी केली आहे. तिच्याशेजारी फोर्डहॅमचे छत 889 मिलिमीटरवर येते. दोघांतला फरक फक्त पाच मिलिमीटरचा, आणि जुन्या विक्रमाला एवढ्याशा फरकाने मागे टाकायचे हे ठरवूनच उंची घेतली असावी, असे माझे मत आहे.

मजल्यासाठी 3 मिलिमीटर पुठ्ठ्याची चकती आणि मजल्यांमधील अंतरासाठी 5 मिलिमीटर थर्मोकोल, असा बेत होता. थर्मोकोल कापायला मुलांनी जुन्या शेगडीच्या तारेचा कटर केला आणि तो उत्तम चालला. चिकटवायला मात्र सुताराकडचा रबरी डिंक घेतला गेला आणि त्याने थर्मोकोल विरघळवला. चकत्या दुपारी चिकटवल्या, संध्याकाळी त्या मधोमध खचल्या होत्या. पांढऱ्या डिंकाने थर्मोकोल टिकतो, परंतु तो वाळायला या हवेत रात्र लागते. त्यातच पुठ्ठ्याने पावसाळी ओल धरली आणि चकत्यांच्या कडा पापडासारख्या वर वळल्या. इस्त्री फिरवली तेव्हा त्या सपाट झाल्या आणि पुन्हा झड लागताच वळल्या. या खटपटीत दीड आठवडा आणि साधारण 700 रुपये गेले. पुठ्ठा आणि थर्मोकोल दोन्ही सोडून सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमचा कडक तक्ता, घ्यायचे ठरले. तो पाणी धरत नाही आणि साध्या कटरने कापला जातो. इथल्या दुकानात तो मिळेना, म्हणून नागपूरच्या इतवारीतून मागवला.

2 ऑगस्ट

सनबोर्ड 3 मिलिमीटर आणि 5 मिलिमीटर, म्हणजे मजल्याला 8 मिलिमीटर. 115 मजल्यांचे 920 होतात आणि उंची हवी 889. मजले खरे ठेवायचे की उंची खरी ठेवायची, यावर वर्गात बराच वाद झाला. उंची खरी ठेवली, चकत्या 111 घेतल्या आणि हा बदल फलकावर स्पष्ट लिहिला. प्रतिकृती पाहणारा माणूस मजले मोजत नाही, शेजारच्या पट्टीशी उंची मात्र ताडून पाहतो. छतावरचे 330 मिलिमीटरचे मास्ट म्हणून मोडक्या छत्रीची काडी बसवली. ती हलकी, सरळ आणि फुकटात मिळालेली आहे.

ही प्रतिकृती उभी राहिल्यावर मुलांना पुढचा भाग सांगितला. शहराच्या नियोजन आयोगाने आणि नगर परिषदेने मार्च 2006 मध्ये हा आराखडा मंजूर केला होता, परंतु कार्लींना बांधकामासाठी लागणारे कर्ज उभे करता आले नाही. त्याच वर्षी हा व्यवहार आयरिश विकासक गॅरेट केलेहर यांच्या शेलबोर्न कंपनीकडे गेला. मंजुरीचा शिक्का असलेला नकाशा कागदावरच राहू शकतो, ही गोष्ट मुलांना सर्वांत विचित्र वाटली. त्यांच्या अनुभवात नगर परिषदेची मंजुरी मिळणे हीच शेवटची अडचण असते.

18 ऑगस्ट

काम मंद. सनबोर्डच्या चकत्या गोल आणि सारख्या कापायला लाकडी साचे हवे आहेत आणि गावातल्या मिस्त्रींकडे या आठवड्यात दुसरे काही होणे शक्य नाही. पोळा चार दिवसांवर आला आहे आणि त्यांच्या अंगणात तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंद्यांची रांग लागली आहे. "सर, पोळा होऊ द्या, मंग तुमचं शिकागो पाहू," असे ते म्हणाले. आमच्या भागात कोणी लाकडाचे साचे करून घेणार असेल तर त्याने श्रावणाचा शेवटचा पंधरवडा सोडून द्यावा.

या रिकाम्या वेळात दुसऱ्या आराखड्याचे रेखांकन केले. केलेहर यांनी कालात्रावांनाच कायम ठेवले. डिसेंबर 2006 मध्ये जो बदललेला आराखडा पुढे आला, त्यात हॉटेल काढून टाकले होते आणि छतावरचे मास्टही नव्हते. एकूण उंची 2,000 फूट तीच ठेवली, परंतु ती आता सर्व इमारतीचीच होती. या आराखड्याची प्रतिकृती आम्ही करणार नाही. तो काही महिनेच पुढे होता आणि त्याच्या बाह्यरेषेची पुरेशी मापे आमच्याकडे नाहीत. फोर्डहॅमची बाह्यरेषा आणि ही नवी बाह्यरेषा एकाच ट्रेसिंग कागदावर दोन रंगांत काढून फलकाला लावली आहे. या एका कागदाचा उपयोग मला प्रतिकृतीपेक्षाही जास्त वाटतो. मास्टचे 542 फूट निव्वळ दिखाऊ होते, तिथे आता विकता येण्याजोगे मजले आले आणि हॉटेलच्या जागीही सदनिका आल्या, म्हणजे कर्ज मागायला जाणाऱ्या माणसाने नकाशात काय हलवले, ते दोन रेषांमधल्या अंतरात दिसते.

4 सप्टेंबर

साचे मिळाले. तिसरा आराखडा, मार्च 2007 चा, ज्याला शिकागो स्पायर हे नाव कायमचे चिकटले. 150 मजले, 2,000 फूट, सुमारे 1,200 सदनिका, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा 2.4 अंश वळलेला. 150 मजल्यांत मिळून बरोबर एक पूर्ण फेरा, 360 अंश. हीच प्रतिकृती सर्वांत अवघड होती आणि इथेच सर्वांत जास्त वेळ गेला.

आधीच्या प्रतिकृतीत प्रत्येक चकतीवर एक खूण करून पुढची चकती त्या खुणेपासून थोडी सरकवत नेली होती. तिथे पीळ नेमका मोजायचा नव्हता, म्हणून ते खपले. इथे तीच पद्धत वापरली आणि चाळिसाव्या मजल्यावर मोजले तर पीळ नऊ अंशांनी मागे पडला होता. पेन्सिलीची रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असते. प्रत्येक चकती आधीच्या चकतीवरून मोजली की प्रत्येक वेळची पाव अंशाची चूक पुढच्या चकतीला वारशाने मिळते आणि वर जाता जाता साठत राहते. आम्ही त्या चाळीस चकत्या सोडवून परत घेतल्या. सनबोर्डवर सुपर ग्लू लावला असल्यामुळे त्यातल्या बऱ्याच फुटल्या.

नवी पद्धत अशी. 15 मजल्यांचा एक गट केला. 15 गुणिले 2.4 म्हणजे 36 अंश, आणि असे दहा गट झाले की फेरा पुरा होतो. कागदावर मोठा कोनमापक छापून तो टेबलाला चिकटवला, मध्ये 8 मिलिमीटरची आटे पाडलेली सळई उभी केली आणि प्रत्येक गटाची पहिली चकती थेट टेबलावरच्या 0, 36, 72 अशा रेषेवर गुण्याने जुळवली. गटातल्या गटात चूक राहिली तरी ती पंधराव्या मजल्यालाच संपते, पुढच्या गटात जात नाही. मुलांनी सर्व्हेच्या तासाला बेंचमार्कचा धडा शिकला आहे. प्रत्येक स्टेशन आधीच्या स्टेशनवरून न काढता मधूनमधून कायम खुणेशी ताडून पाहायचे असते, हे या चकत्यांनी त्यांना पुस्तकापेक्षा नीट शिकवले.

चकतीचा आकार वर जाताना लहान होत जातो. प्रत्येक चकती वेगळ्या मापाची कापणे आमच्या हातच्या साधनांनी शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक गटाला एक माप ठेवले आणि गटांच्या सांध्यावर पॉलिश पेपर मारून पायरी मोडली. दोन हातांवरून पाहिले की पायऱ्या जाणवत नाहीत. 150 चकत्यांचे 1,200 मिलिमीटर होतात, हवेत 1,219, म्हणून उरलेले 19 मिलिमीटर तळाच्या प्रवेशमजल्याला दिले.

12 सप्टेंबर

उभी केल्यावर प्रतिकृती डोलू लागली. आठ मिलिमीटरची सळई सव्वा मीटर उंचीवर वाकते आणि पंखा लावला की माथा बोटभर हलतो. खाली नट घट्ट केला तर सनबोर्ड दबतो आणि उंची कमी होते. सळईवर 12 मिलिमीटरची लोखंडी नळी चढवावी का, असा विचार होता, परंतु चकत्यांची भोके मोठी करणे जिवावर आले. शेवटी दर गटाच्या तळाशी प्लायची एक पातळ चकती आणि वॉशर दिले, म्हणजे नटाचा दाब प्लायवर जातो आणि सनबोर्ड मोकळा राहतो. डोलणे पूर्ण गेले नाही, सुसह्य झाले. पुन्हा करायचे झाल्यास सुरुवातीपासूनच नळी घ्यावी. 60 रुपये वाचवण्यात अर्थ नव्हता.

ही प्रतिकृती पाटात बसवून पुन्हा काढून ठेवली आणि तो रिकामा खड्डा दाखवत पुढची हकिकत सांगितली. नियोजन आयोगाने एप्रिल 2007 मध्ये आणि नगर परिषदेने मे महिन्यात हा आराखडा मंजूर केला, जूनमध्ये काम सुरू झाले. खांब उतरले, गोल भिंतीचा खड्डा झाला. 2008 मध्ये जगभर आर्थिक संकट आले, कर्जपुरवठा आटला आणि काम जमिनीच्या वर आलेच नाही. कालात्रावांच्या कार्यालयाची फी थकली आणि त्यांनी ऑक्टोबर 2008 मध्ये 1 कोटी 13 लाख डॉलरच्या वर रकमेचा बोजा त्या जमिनीवर नोंदवला. सातबाऱ्यावर बोजा चढणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना समजावून सांगावे लागले नाही. केलेहर यांना कर्ज देणाऱ्या अँग्लो आयरिश बँकेचे जानेवारी 2009 मध्ये आयर्लंड सरकारने राष्ट्रीयीकरण केले, ते कर्ज त्या देशाच्या थकीत मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे गेले आणि 2013 मध्ये रिलेटेड मिडवेस्ट या विकासक कंपनीने ते साडेतीन कोटी डॉलरला विकत घेतले. नोव्हेंबर 2014 मध्ये जमीन तिच्या ताब्यात आली. खड्डा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून त्याभोवती मातीचा बांध घालून त्यावर गवत लावण्यात आले. आम्हीही लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन तसा बांध घातला. तो चुंबकाने चिकटतो आणि काढता येतो, म्हणजे 2007 आणि नंतरची अवस्था दोन्ही दाखवता येतात.

7 ऑक्टोबर

सोयाबीन सोंगणीला आले आहे, त्यामुळे वर्गात निम्मीच मुले आहेत. चौथ्या आणि पाचव्या आराखड्याच्या प्रतिकृती उरलेल्या मुलांनी उरकल्या. पीळ नसलेले, सरळ कोपऱ्यांचे मनोरे असल्याने सनबोर्डच्या पेट्या करून त्यावर खिडक्यांच्या रेषा मार्करने ओढल्या. त्या कामाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही.

लिहिण्यासारखी आहे ती पोडियमची, म्हणजे मनोऱ्यांच्या तळाशी पसरलेल्या बसक्या इमारतीची, पाटी. मे 2018 मध्ये रिलेटेडने स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचे डेव्हिड चाइल्ड्स यांच्याकडून नवा आराखडा करून घेतला. सिअर्स टॉवर याच संस्थेने आखला होता आणि न्यूयॉर्कचा वन वर्ल्ड ट्रेड सेंटर चाइल्ड्स यांचा. एका मनोऱ्याच्या जागी 1,100 आणि 850 फुटांचे दोन मनोरे, त्यांच्या पायथ्याशी रुंद पोडियम, आणि सदनिकांबरोबर 175 खोल्यांचे हॉटेल. आमच्या प्रमाणात मनोरे 671 आणि 518 मिलिमीटर. ऑक्टोबर 2018 मध्ये त्या प्रभागाचे नगरसेवक ब्रेंडन रायली यांनी रहिवाशांच्या हरकती पुढे करून हा आराखडा नाकारला. हरकती हॉटेलला होत्या, पोडियमच्या आकाराला होत्या. म्हणून आम्ही पोडियम वेगळी पाटी म्हणून केली, वरून उचलता येईल अशी. पाहणाऱ्याने ती उचलली की नदीकाठच्या बाजूला किती जमीन मोकळी होते, ते त्याचे त्यालाच दिसते, आणि शेजारी राहणाऱ्यांनी भांडण का केले असेल ते सांगावे लागत नाही.

पहिल्यांदा ही पाटी मनोऱ्यांना चिकटवूनच केली होती. सनबोर्डच्या पेट्यांना दोन्हीकडून घट्ट बसल्यामुळे ती काढताना एका मनोऱ्याचा कोपरा निघाला. आता दोन मनोऱ्यांसाठी दोन खाचा ठेवून ती पुढून सरकवायची केली आहे. खाच मनोऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर मोठी ठेवावी, त्याहून कमी ठेवली की अडकते.

मे 2020 मध्ये नियोजन आयोगाने जो आराखडा मंजूर केला, त्यात हॉटेल नव्हते, पोडियम गेला होता, मनोरे 875 आणि 765 फुटांवर आले होते आणि सदनिका 1,100 होत्या. लेक शोअर ड्राइव्हच्या पलीकडे सरोवराच्या कडेला डूसेबल उद्यानासाठी राखलेली जमीन आहे. महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी 1987 मध्ये त्या उद्यानाची कल्पना मांडली होती. त्यासाठी एक कोटी डॉलर देण्याचे रिलेटेडने कबूल केले. पाटावर तो तुकडा आम्ही हिरव्या फ्लॅनेलने झाकला आहे. 2,000 फुटांचा पिळदार मनोरा पाहून मग हे दोन साधे मनोरे पाहिले की मुलांचा हिरमोड होतो आणि मला ते समजते. त्याच मुलांना मी विचारले की यातला कुठला आराखडा तुम्ही बँकेत घेऊन जाल. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग चर्चा तासभर चालली आणि त्यात पहिल्यांदाच सदनिकांची संख्या, लिफ्टला जाणारी जागा आणि दोन मनोरे असल्यास एक आधी बांधून दुसरा नंतर बांधता येतो हा मुद्दा त्यांच्याच तोंडून आला.

3 नोव्हेंबर

दिवाळीनंतर हिशेब केला. प्लाय, सनबोर्ड, सळई, डिंक, साचे आणि रंग मिळून खर्च 6,300 रुपयांच्या आसपास आहे. त्यात पुठ्ठा-थर्मोकोलच्या फसलेल्या प्रयोगाचे आणि जळालेल्या प्लायचे पैसे धरले आहेत. सुरुवातीलाच सनबोर्ड घेतला असता तर काम पाच हजारांत झाले असते. वेळेचा सर्वांत मोठा भाग पिळाच्या चकत्यांनी घेतला. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी 2007 चा मनोरा 1:1000 प्रमाणात करावा. चकत्या तेवढ्याच लागतात, पण सनबोर्डऐवजी जाड प्लास्टिकचा कागद चालतो आणि तो कात्रीने कापला जातो.

एक काम राहिले होते ते आज केले. 2024 मध्ये त्या जागेवर अखेर उत्तरेकडच्या मनोऱ्याचे बांधकाम सुरू झाले. त्यात भाड्याच्या 635 सदनिका आहेत. मंजुरीच्या वेळी हा मनोरा 875 फूट होता, बांधायला घेताना तो 72 मजले आणि 858 फूट झाला. सतरा फुटांचा फरक आमच्या प्रमाणात दहा मिलिमीटर भरतो. पाचव्या आराखड्याच्या प्रतिकृतीतल्या उंच मनोऱ्याचे झाकण काढले, चारही बाजूंना 523 मिलिमीटरवर गुण्याने रेषा मारली, कटरने वरची कड काढली आणि झाकण पुन्हा चिकटवले. कापलेली दहा मिलिमीटरची चौकट फलकावर 875 या आकड्याशेजारी लावली आहे.